ॲव्हरेज किती देते?

हळदीचा हंगाम सुरू झाला की हिंगोलीच्या मोंढ्यात आणि वसमतच्या बाजारात जाऊन पाहावे. हळदीची पोती लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. मधूनच एखादा 'छोटा हत्ती' किंवा पिकअप वाट काढत असतो आणि कडेला मोटारसायकली उभ्या असतात. यांपैकी कोणत्याही वाहनाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ॲव्हरेज किती देते?" मिस्त्री, सोयरे, शाळेतले सहकारी, सगळे हेच विचारतात. गाडीचा रंग, वेग, दिसणे हे सारे त्यानंतर येते.

हाच प्रश्न भारत सरकारनेही मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांना लेखी विचारला आहे. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ खाली २३ एप्रिल २०१५ रोजी एक अधिसूचना निघाली आणि १ एप्रिल २०१७ पासून प्रवासी मोटारींच्या इंधनखर्चावर मर्यादा लागू झाली. २०२२-२३ या वर्षापासून तिची दुसरी, अधिक कडक पायरी आली. तिसरी पायरी २०२७ पासून आणायची म्हणून २०२५ मध्ये मसुदा प्रसिद्ध झाला आणि जुना वाद पुन्हा सुरू झाला : सरकारने ही मर्यादा आणखी कडक करावी की नाही?

आमचे उत्तर 'करावी' असे आहे. पण हा लेख तेवढ्यासाठी नाही. मर्यादा कडक करण्याआधी ती ज्या मोजपट्टीने मोजली जाते ती तपासायला हवी, असे आमचे म्हणणे आहे. पट्टी वाकडी असेल तर ती कितीही घट्ट धरली तरी रेघ वाकडीच येणार. म्हणून एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या नियमाच्या सूत्राचे परीक्षण करू. त्याला आठवी-नववीचे गणित पुरते.

सूत्र काय सांगते?

दुसऱ्या पायरीचे सूत्र असे आहे :

मर्यादा = ०.००२ × (व − १०८२) + ४.७६९४

येथे 'व' म्हणजे एका कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींचे सरासरी रिकामे वजन, किलोग्रॅममध्ये. उत्तर येते ते शंभर किलोमीटरला किती लिटर पेट्रोल, या एककात. डिझेल, गॅस किंवा विजेवरच्या गाड्यांचा खर्च पेट्रोलच्या प्रमाणात बदलून घेतात. मर्यादा एकेका गाडीवर नाही, कंपनीच्या सरासरीवर आहे. एखादे मॉडेल जास्त पेट्रोल पिणारे असले तरी चालते. दुसऱ्या मॉडेलने ते भरून काढले पाहिजे.

कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन नेमके १०८२ किलो असेल तर कंसातली किंमत शून्य होते आणि मर्यादा ४.७६९४ लिटर येते, म्हणजे लिटरला सुमारे २१ किलोमीटर. पहिल्या पायरीत हाच आकडा, १०३७ किलो वजनाला, ५.४९२२ लिटर होता, म्हणजे लिटरला सुमारे १८.२ किलोमीटर. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीमागे हा फरक सुमारे ७२ लिटरचा आहे. खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक भाग आयात करणाऱ्या देशाला तो लहान नाही.

हीच मर्यादा कार्बन डायऑक्साइडच्या भाषेतही सांगतात : पहिल्या पायरीत किलोमीटरला १३० ग्रॅम, दुसऱ्या पायरीत ११३ ग्रॅम. हे आकडे येतात कुठून? एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, असे या हिशेबात धरले आहे. ५.४९२२ ला २३.७ ने गुणले की १३० येतात. वर्गात हे सांगितले की एखादा चौकस विद्यार्थी लगेच हात वर करील : लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास, मग त्यातून सव्वादोन किलोंहून जास्त वायू कसा निघेल? उत्तर रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे. पेट्रोलमधल्या कार्बनच्या प्रत्येक १२ भागांना हवेतला ३२ भाग ऑक्सिजन येऊन मिळतो आणि ४४ भाग वायू बनतो. वाढीव वजन हवेतून आलेले असते.

पट्टीची चांगली बाजू

दोष काढण्याआधी या सूत्राचा एक गुण सांगितला पाहिजे. आपण 'लिटरला किती किलोमीटर' असे विचारतो. सूत्र 'शंभर किलोमीटरला किती लिटर' असे विचारते. वरवर पाहता एकच गोष्ट उलटून सांगितली आहे. पण या उलटण्यात बराच फरक पडतो.

एक उदाहरण घेऊ. एका गावात एक माल वाहणारा टेम्पो आहे, तो लिटरला ८ किलोमीटर जातो. एक मोटारसायकल आहे, ती ५० किलोमीटर जाते. सुधारणा करून टेम्पोचा ॲव्हरेज १० वर आला आणि मोटारसायकलचा ७५ वर गेला. दोन्ही वाहने सारखीच धावत असतील, तर जास्त इंधन कोणी वाचवले? बहुतेक जण मोटारसायकलकडे बोट दाखवतात, कारण तिथे पंचवीस किलोमीटरची उडी आहे आणि टेम्पोची फक्त दोनची. आता शंभर किलोमीटरचा हिशेब करा. टेम्पोचा खर्च १२.५ लिटरवरून १० वर आला, बचत अडीच लिटर. मोटारसायकलचा खर्च २ लिटरवरून १.३३ वर आला, बचत पाऊण लिटरही नाही.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी हा दृष्टिभ्रम २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला होता. भागाकाराचा आलेख सरळ रेषा नसतो, तो वाकत जातो. मन मात्र तो सरळ असल्यासारखा वाचते. सरकारी सूत्र या चुकीत पडत नाही. जाहिराती आणि आपण मात्र पडतो.

वजनाला झुकते माप

आता दोषांकडे वळू. सूत्रात ८०० किलोची हलकी गाडी घालून पाहा. उत्तर ४.२ लिटर येते, म्हणजे लिटरला सुमारे २३.८ किलोमीटर. दीड हजार किलोची जड गाडी घातली तर ५.६ लिटर, म्हणजे लिटरला सुमारे १७.८ किलोमीटर. जड गाडीला सूट आणि हलक्या गाडीला सक्ती, असा हा न्याय आहे.

याच्या बाजूने बोलणारे म्हणतील की मोठ्या गाडीत माणसे जास्त बसतात, तिला थोडी सवलत हवीच. हे म्हणणे अगदी खोटे नाही. दहा जणांना बसवून नेणारी काळीपिवळी आणि एकट्या मालकाची मोटार यांना एकच आकडा लावणे अन्यायाचे होईल. पण सूत्र माणसे मोजत नाही, किलो मोजते. पाच माणसांची गाडी सजावट आणि रुबाब वाढवून जड केली तरी तिला तीच सूट मिळते.

आणखी एक परिणाम आहे. समजा एखाद्या कंपनीने चांगले पोलाद वापरून आणि रचना सुधारून आपल्या गाड्यांचे सरासरी वजन शंभर किलोंनी कमी केले. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तम काम झाले. चढावर, वेग घेताना, चाकाच्या घर्षणात, सगळीकडे वजनच इंधन खाते. साधारण हिशेब असा की वजन दहा टक्के घटले तर इंधन चार ते सात टक्क्यांनी घटते. येथे ती बचत शंभर किलोमीटरला ०.२ ते ०.३ लिटरच्या घरात जाईल. पण वजन घटताच सूत्रातली मर्यादाही ०.२ लिटरने खाली येते. कंपनीने जे कमावले त्यातले बरेचसे मर्यादेनेच काढून घेतले. अभ्यास करून गुण वाढवणाऱ्या मुलासाठी उत्तीर्णतेची रेघही वर सरकवावी, तसा हा प्रकार झाला.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या तिसऱ्या पायरीच्या मसुद्यात या दोषाला एक ठिगळ लावले होते. ९०९ किलोंपर्यंत वजन, १२०० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिन आणि चार मीटरपर्यंत लांबी असलेल्या छोट्या पेट्रोल मोटारींना वेगळी सवलत द्यावी, असा प्रस्ताव त्यात होता. त्यावरून मोटार कंपन्यांमध्ये उघड दोन तट पडले. छोट्या गाड्या बनवणाऱ्यांना तो हवा होता, इतरांना नको होता. आमच्या दृष्टीने कोणाची बाजू बरोबर हा प्रश्न दुय्यम आहे. सूत्र हलकेपणाला शिक्षा करत होते म्हणून सवलत द्यावी लागली, आणि सवलत दिली की नवा उंबरठा तयार होतो : ९०९ किलोची गाडी आत, ९१० ची बाहेर. मूळ रेषेचा उतार कमी केला असता तर ठिगळाची गरज पडली नसती. पहिल्या पायरीत हा उतार ०.००२४ होता, दुसरीत ०.००२ झाला. दिशा बरोबर होती. त्याच दिशेने आणखी जायला हवे.

एकाचे तीन

दुसरा दोष मोजणीचा आहे. विजेवरच्या मोटारींना उत्तेजन म्हणून सरासरी काढताना अशी एक गाडी तीन गाड्यांसारखी मोजण्याची मुभा कंपन्यांना आहे. पेट्रोल आणि वीज दोन्ही वापरणाऱ्या संकरित गाड्यांनाही अशीच, थोडी कमी, मुभा आहे.

समजा एका कंपनीने दहा गाड्या विकल्या. नऊ पेट्रोलच्या, शंभर किलोमीटरला ६ लिटर पिणाऱ्या. एक विजेची, पेट्रोलच्या हिशेबात १ लिटर. खरी सरासरी काढा : ५४ अधिक १, भागिले १०, म्हणजे ५.५ लिटर. आता विजेची गाडी तीनदा मोजा : ५४ अधिक ३, भागिले १२, म्हणजे ४.७५ लिटर. ४.७६९४ ची मर्यादा पाळली गेली. रस्त्यावर मात्र ५.५ लिटरच जळते आहे आणि पेट्रोलच्या नऊ गाड्यांपैकी एकीतही काही सुधारणा झालेली नाही.

नव्या तंत्राला सुरुवातीला हात द्यावा हे आम्हाला मान्य आहे. पण तो हात उघडपणे, अनुदानातून द्यावा. सरासरीच्या पोटात लपवून दिला की सरासरी हा शब्दच अर्थ गमावतो. हजेरीपटावर एका मुलाची तीनदा हजेरी लावून पटसंख्या पूर्ण केली, तर आपण त्याला काय म्हणू?

वीस मिनिटांची परीक्षा

तिसरा दोष परीक्षेचा. जाहिरातीत पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या नावाने जो आकडा दिसतो, तो रस्त्यावर मोजलेला नसतो. गाडी फिरत्या रुळांवर उभी करून एका ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे चालवतात : इतके सेकंद थांबा, इतका वेग घ्या, पुन्हा थांबा. भारतीय वेळापत्रक सुमारे वीस मिनिटांचे आहे, त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे आणि वातानुकूलन बंद असते. सगळ्या गाड्यांना सारखी परीक्षा हवी म्हणून हे करावे लागते, त्यात गैर काही नाही.

पण प्रश्नपत्रिका आधीपासून माहीत असली की काय होते हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. युरोपात ज्या परीक्षेवरून आपली परीक्षा घेतली, तिथला अनुभव नोंदलेला आहे. प्रयोगशाळेतला इंधनखर्च आणि रस्त्यावरचा इंधनखर्च यांतले अंतर २००१ मध्ये सुमारे ९ टक्के होते. २०१५ पर्यंत ते ४२ टक्क्यांच्या आसपास पोचले. नियम कडक होत गेले तसे कंपन्यांनी काही अंशी इंजिने सुधारली आणि काही अंशी परीक्षेची तयारी सुधारली. म्हणून युरोपने २०१७ पासून नवी, अधिक खडतर परीक्षा आणली. ती २०२७ पासून भारतातही आणण्याचा प्रस्ताव आहे. मर्यादा कडक करण्याइतकेच हे पाऊल मोलाचे आहे, पण त्याची चर्चा फारशी होत नाही.

औंढा नागनाथच्या रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारी, गतिरोधकांवरून आणि खड्ड्यांतून गाडी चालवणाऱ्याला जाहिरातीतला आकडा का मिळत नाही, याचे उत्तर या वीस मिनिटांत आहे.

हिंगोलीच्या रस्त्यावर कोण आहे?

आता सर्वांत मोठा दोष. सूत्र कितीही सुधारले तरी ते प्रवासी मोटारींचेच आहे. पुन्हा मोंढ्याच्या दाराशी येऊन उभे राहू. ट्रॅक्टर या सूत्राच्या कक्षेत नाही. मोटारसायकल नाही. पिकअप आणि छोटा हत्तीही नाही, कारण ती मालवाहू वाहने आहेत.

पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन आणि विश्लेषण कक्षाने करून घेतलेली एक देशव्यापी पाहणी जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झाली. देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी ६१ टक्क्यांहून अधिक दुचाकींत जाते आणि मोटारींत सुमारे ३४ टक्के, असे तीत आढळले. डिझेलपैकी सुमारे ७० टक्के वाहतुकीत आणि १३ टक्के शेतीत जात होते. त्यानंतर मोटारी वाढल्या आहेत आणि आकडे सरकले असतील. तरी हिंगोलीसारख्या, १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या, शेतीवर चालणाऱ्या जिल्ह्यात दुचाकी आणि ट्रॅक्टर हेच रस्त्याचे धनी आहेत, हे डोळ्यांना दिसते.

मोठ्या मालमोटारी आणि बससाठी २०१७ च्या ऑगस्टमध्ये वेगळा नियम अधिसूचित झाला. तो बारा टन आणि त्यावरच्या वाहनांसाठी होता आणि त्याची परीक्षा ताशी ४० आणि ६० किलोमीटर अशा स्थिर वेगावर घेतली जाते. स्थिर वेगावर इंजिन आपले सर्वांत चांगले रूप दाखवते. पण इंधन जळते ते थांबण्यात आणि पुन्हा वेग घेण्यात. आपल्या रस्त्यांवर तर तेच जास्त असते.

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येतो. दुचाकींना नियम कशाला? १९८५ मध्ये चार-स्ट्रोक इंजिनाची हीरो होंडा सीडी १०० बाजारात आली तेव्हा कोणतेही सरकारी बंधन नव्हते. गिऱ्हाइकाने ॲव्हरेज विचारला, कंपनीने तो दिला आणि जास्त तेल पिणाऱ्या दोन-स्ट्रोक गाड्या पुढे मागे पडल्या. हे खरे आहे. 'ॲव्हरेज किती देते?' या प्रश्नाने जे काम केले ते अनेक कायद्यांना जमले नाही.

पण या गोष्टीतून निघणारा धडा नीट वाचला पाहिजे. जिथे गिऱ्हाईक मोजू शकते तिथे बाजार सुधारतो. मोटारसायकलचे मोजणे सोपे आहे : टाकी भरायची, किलोमीटर पाहायचे. ट्रॅक्टरचे तसे नाही. तो कधी नांगरतो, कधी ट्रॉली ओढतो, कधी जागेवर उभा राहून मळणीयंत्र चालवतो. त्याचा हिशेब तासाला किंवा एकराला किती डिझेल असा होतो, आणि तो जमिनीगणिक बदलतो. मध्य प्रदेशातील बुधनी येथील सरकारी केंद्रात ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात, त्यांच्या अहवालात इंधनखर्चाचे आकडेही असतात. पण ते ट्रॅक्टरच्या दुकानात, शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत भिंतीवर लावलेले दिसत नाहीत. फ्रीज घ्यायला गेले की दारावर तारे चिकटवलेले दिसतात. त्याच्या कितीतरी पट किमतीच्या ट्रॅक्टरवर एकही तारा नसतो.

माणशी किती?

आणखी एक हिशेब या पट्टीत कुठेच नाही : माणशी इंधन. खालचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. शिक्षकांनी आपल्या भागातले घालावेत.

एस.टी. लिटरला साडेचार किलोमीटर जाते आणि तिच्यात चाळीस प्रवासी आहेत असे धरू. शंभर किलोमीटरला सुमारे २२ लिटर, म्हणजे माणशी अर्ध्या लिटरहून थोडे जास्त. जीप लिटरला बारा किलोमीटर जाते आणि दहा माणसे नेते : माणशी सुमारे ०.८ लिटर. मोटारसायकल ५० किलोमीटर जाते, दोघे बसले तर माणशी १ लिटर, एकटा असेल तर २. मोटार १८ किलोमीटर जाते आणि आत एकच माणूस आहे : साडेपाच लिटर. डिझेलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा थोडी जास्त असते, तो फरक धरला तरी क्रम बदलत नाही.

ज्या वाहनाचा ॲव्हरेज सर्वांत वाईट, तेच माणशी सर्वांत काटकसरी निघाले. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला तेव्हा खेड्यातली मुले शाळेत कशी आली, हे मराठवाड्यातल्या शिक्षकांनी पाहिले आहे. कोणी वडिलांच्या मोटारसायकलवर आली, कोणी जीपमध्ये दाटीवाटीने. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते त्यांतली कित्येक आलीच नाहीत, आणि त्यांत मुली जास्त. एक बस बंद पडली की गावाचा माणशी इंधनखर्च दुप्पट-चौपट होतो आणि शिवाय काही जणांचा प्रवासच बंद होतो. इंधनबचतीच्या धोरणात वेळेवर येणाऱ्या बसला जागा नसेल तर ते धोरण अर्धेच म्हणावे लागेल.

नियमच कशाला, असे म्हणणारे

काही जण म्हणतात, नियमांची गरजच नाही. पेट्रोल महाग आहे, लोक आपोआप काटकसर करतील. मराठवाड्याला महाग पेट्रोल नवे नाही. २०२१ च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोल लिटरला शंभर रुपयांपलीकडे गेले तेव्हा परभणीत ते आधीच गेले होते, कारण आगारापासून इथवर टँकरने येण्याचा खर्चही आपल्याच माथी असतो. किमतीने काटकसर होते हे खरे. पण गिऱ्हाईक दुकानात जे ठेवले आहे त्यातूनच निवडते. रोज पन्नास किलोमीटर ये-जा करणारे शिक्षक किंमत वाढली म्हणून शाळा जवळ आणू शकत नाहीत. वर्षाला २२० दिवस धरले तर ११,००० किलोमीटर होतात. लिटरला ५० च्या हिशेबाने २२० लिटर, ६० च्या हिशेबाने सुमारे १८३. मधले ३७ लिटर वाचवणे त्यांच्या हातात थोडे आहे, गाडी बनवणाऱ्याच्या हातात जास्त.

दुसरा आक्षेप अधिक जुना आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये लिहिले की वाफेची इंजिने काटकसरी झाली म्हणून कोळशाचा खप घटत नाही, उलट वाढतो, कारण काम स्वस्त होते आणि लोक ते जास्त करतात. वाहनांच्या बाबतीतही बचतीचा काही भाग असा परत खर्च होतो. पण तो एक भाग आहे, सगळी बचत नव्हे. आणि स्वस्त झालेल्या प्रवासाने आजारी माणूस हिंगोलीच्या दवाखान्यात वेळेवर पोचला तर त्याला आम्ही वाया गेलेले इंधन म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट नियमाच्या दातांची. आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीने दंड ठरवला : दहा लाख रुपयांपर्यंत, शिवाय शंभर किलोमीटरला ०.२ लिटरपर्यंत मर्यादा ओलांडली तर गाडीमागे २५,००० रुपये, त्याहून जास्त ओलांडली तर गाडीमागे ५०,००० रुपये. अमेरिकेने १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये, असा कायदा जगात आधी केला. पण हलक्या मालमोटारींना वेगळी, सैल मर्यादा ठेवली. पुढे कुटुंबाच्या मोठ्या गाड्या 'मालमोटार' या सदरात बसवल्या गेल्या आणि रस्ते त्यांनीच भरले. २०२५ मध्ये तर तिथे या कायद्याखालचा दंडच शून्य करण्यात आला. नियमात दार उघडे राहिले तर उद्योग त्यातून बाहेर जातो, आणि दंड नसला तर दाराचीही गरज राहत नाही.

आमचे मत

मर्यादा कडक करावी. ती करताना वजनाचा उतार कमी करावा, एकाचे तीन मोजणे ठरावीक मुदतीत थांबवावे, परीक्षा रस्त्याच्या जवळ आणावी. ट्रॅक्टर, दुचाकी आणि छोट्या मालवाहू गाड्यांवर, सक्तीची मर्यादा येईपर्यंत निदान, दुकानातच वाचता येईल असा इंधनखर्चाचा फलक सक्तीचा करावा. आणि बसला इंधनबचतीचे साधन मानून तिच्यावर खर्च करावा.

सरकार काय करील ते करील. शाळेत मात्र एक काम आजच करता येईल. नववीच्या मुलांना घरच्या वाहनाची महिनाभर नोंद ठेवायला सांगा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर लागले ते लिहा. एकदा मोजून थांबू नका. पंपाची नळी दर वेळी वेगळ्या ठिकाणी बंद होते, तीन-चार वेळा मोजले की ती चूक विरते. उत्तर शंभर किलोमीटरला किती लिटर असे काढा, मग गाडीवर सरासरी किती माणसे होती त्याने भागा. चाकांतली हवा तपासून पुढचा महिना पुन्हा मोजा. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी एकराला किती डिझेल लागले ते लिहावे, जमीन काळी की मुरमाड हेही लिहावे. जी मुले बसने येतात त्यांनी बसमधली डोकी मोजावीत.

महिन्याच्या शेवटी हे सारे फळ्यावर एकाखाली एक मांडा. ज्या मुलाच्या घरी कोणतेच वाहन नाही आणि जो एस.टी.ने येतो, त्याचा आकडा सर्वांत चांगला निघण्याचा संभव मोठा आहे. 'ॲव्हरेज किती देते?' या प्रश्नावर आजवर गप्प बसणारे ते मूल त्या दिवशी उत्तर देईल.